साळिंदरसरांचा संस्कृतीवर्ग

एका जंगलात, मुलांनो... निदान मला ते जंगलच आठवतं, पण अलीकडे माझ्या आठवणीचा मलाच भरवसा वाटत नाही. तर तिथे साळिंदरसर राहत. तीन विषयांतले विद्वान. मनात शंका आली की त्यांचे काटे उभे राहत. शंका सतत येई, म्हणून त्यांच्याजवळ कोणी बसत नसे.

हिवाळ्यात परदेशी करकोचे तळ्यावर उतरले. सिंहाने सरांना नेमलं. छोट्या छोट्या गोष्टी सांगायच्या, त्यातून पाहुण्यांना आपली संस्कृती शिकवायची, आणि जमल्यास वैश्विक मूल्यंही.

"सर, पुढल्या हिवाळ्यात पाहुणे परत आले नाहीत, तर वर्ग बंद," सचिव कोल्होबा म्हणाले. "तुमचा वर्ग भरतो त्या वडाखाली माकडांना व्यायामशाळा हवीय."

सरांचे काटे ताठ झाले. या वर्गाखेरीज त्यांचं ऐकणारं जंगलात कोणी नव्हतं.

"एक खार होती," सरांनी सुरुवात केली.

"हुं," करकोचे म्हणाले. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो, हे त्यांना इथल्या पिल्लांनी सांगितलं होतं.

"मध्ये बोलू नका. संस्कृतीचा तास चालू आहे."

करकोच्यांनी चोची मिटल्या.

"खारीने दारी आलेल्या पाहुण्याला घरातला शेवटचा दाणा दिला. यात पाहुणचार आपला आणि भूक वैश्विक. आलं लक्षात?"

"मग खारीने काय खाल्लं हो, सर?" एका म्हाताऱ्या करकोचीने विचारलं.

"ते अभ्यासक्रमात नाही, बाई."

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. सगळे एका पायावर उभे, डोळे मिटलेले. हे चिंतन की झोप, सरांना ठरवता येईना.

"अहो, हुं तरी म्हणू द्यायचं," घरी साळिंदरीण म्हणाली. "जागे आहेत एवढं तरी कळलं असतं."

थंडी सरली, करकोचे उडून गेले. सरांना वर्षभर अन्न गोड लागलं नाही.

"त्या खारीच्या घरात आणखी एक दाणा ठेवला असता तर?" ते बायकोला विचारत.

"ठेवा, आणि झोपा," ती म्हणे.

पुढल्या हिवाळ्यात करकोचे आले. दुप्पट आले. सिंहाने सरांना शाल दिली. व्यायामशाळा बारगळली. सरांनी अभ्यासक्रम वाढवला आणि प्रत्येक गोष्टीखाली प्रश्न घातले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे काटे आडवे झाले.

तात्पर्य: गोष्टींतून संस्कृती शिकवली की पाहुणे हमखास परत येतात, शिकवणाऱ्याने उगाच स्वतःवर शंका घेऊ नये. पुष्कळ वर्षांनी मी चौकशी करून खात्री करून घेतली. करकोच्यांच्या गावी हिवाळ्यात तळी गोठतात.