डबा बाहेरून जुनाच

बायकोपासून काही लपवून ठेवता येत नाही, असं म्हणणारे नवरे मुळात आळशी असतात. लपवणं ही मेहनतीची कला आहे! तिला नियोजन लागतं, संयम लागतो आणि योग्य मापाची खोकी लागतात. माझ्याकडे हे सगळं होतं. खोकी तर ढिगानं होती, कारण मी बाथरूमच्या सामानाच्या शोरूममध्ये विक्री सांभाळतो. नवीन माल आला की एखादा नमुना घरी आणायचा, नीट बघायचा आणि परत न्यायचा, ही माझी जुनी सवय. त्यामुळे मी बगलेत खोकं मारून घरात शिरलो, तर बायको मान वर करूनसुद्धा बघत नाही.

आता लपवायचं काय होतं? तर माझा कॉम्प्युटर. म्हणजे त्याच्या पोटातलं सगळं. बाजारात लढाईचा एक नवा खेळ आला होता आणि माझ्या जुन्या मशिनवर त्यातला सैनिक एक पाय उचलायचा आणि दुसरा उचलायच्या आत मारला जायचा! नवीन सामान हवंच होतं. सरळ बायकोला विचारता आलं असतं, पण मध्ये एक नियम आडवा येत होता. घरात मोठी खरेदी करायची तर दोघांनी मिळून ठरवायची. हा नियम कुणी केला? मीच केला! गेल्या वर्षी बायकोला ट्रेडमिल हवी होती, तेव्हा घाईघाईनं केला. "चालायला बाहेर एवढा रस्ता पडलाय की!" असंही वर म्हणालो. आता मी ग्राफिक्स कार्डाचं नाव काढलं असतं, तर "खेळायला कपाटात पत्ते पडलेत की!" हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. समोरच्याला कुठे दुखतंय, हे त्यानं सांगायच्या आत तिला कळतं. तेव्हा ठरवलं, कॉम्प्युटरचा डबा बाहेरून जुनाच ठेवायचा. तोच पिवळट पडलेला, कोपऱ्यात चेपलेला. आतलं मात्र झाडून सगळं नवीन!

निवडीसाठी सल्लागार होता आमच्या शोरूमचा कॅशियर. त्याला सगळे 'बॉटलनेक' म्हणतात. कॉम्प्युटरमधला एक भाग दणकट असला आणि दुसरा मरतुकडा, तर मरतुकडा दणकटाची वाट अडवून बसतो, त्याला बॉटलनेक म्हणतात. आणि आमच्या कॅशियरला ते जिकडेतिकडे दिसतं.

"मला फक्त एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सांग," मी म्हणालो.

"सांगतो. पण तुझा प्रोसेसर त्याला अडवणार."

"बरं, प्रोसेसर पण घेऊ."

"तो तुझ्या मदरबोर्डवर बसत नाही."

"मदरबोर्ड बदलू!"

"मग जुनी रॅम चालणार नाही."

"रॅम बदलू!"

"आणि एवढ्या सगळ्यांना पोसायला तुझा पॉवर सप्लाय? पहिल्याच दिवशी धूर!"

"अरे, मग जुन्यातलं राहणार काय?"

त्यानं बराच विचार केला. "माउस," तो म्हणाला. "पण तोही माझ्या मनाला पटत नाही."

पुढचे काही आठवडे मी या जगात नव्हतो. कुठलं कार्ड कमी तापतं, कुठला पंखा कमी ओरडतो, याशिवाय डोक्यात दुसरा विषय नाही! एका बाईंनी मिक्सर नळ दाखवून विचारलं, "हा कसा आहे हो?" मी तंद्रीत म्हणालो, "हा नका घेऊ, फार तापतो." "अहो, गरम पाण्याचाच आहे ना?" बाई म्हणाल्या आणि शेजारच्या दुकानात गेल्या. मालकांनी लांबून माझ्याकडे पाहिलं.

शेवटी सामान ठरलं आणि एकेक करून घरात यायला लागलं. ग्राफिक्स कार्ड हँड शॉवरच्या खोक्यातून आलं. मदरबोर्ड फरशीच्या खोक्यातून आला. पॉवर सप्लाय फ्लशच्या टाकीत बसून आला. कार्ड जुन्या डब्यात मावेना, तेव्हा बायको क्लिनिकला गेलेली बघून आमच्या फिटरचा ग्राइंडर आणला आणि डब्याच्या आतला अर्धा पत्रा कापून काढला. बाहेरून ओरखडासुद्धा नाही! मी स्वतःवर इतका खूश झालो, की आरशासमोरून जाताना दोनदा थांबलो.

राहिला होता कूलर. प्रोसेसर थंड ठेवायला पाणी खेळवणारा कूलर! दोन जाड रबरी नळ्या, त्यांच्या टोकाला एक चपटी जाळी आणि जाळीवर ओळीनं तीन पंखे. जेवणाच्या टेबलावर तो उघडून मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात बायको लवकर घरी आली.

"हे काय?"

"शॉवर," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून!

"शॉवरला पंखे कशाला?"

"आंघोळ झाली की... अंग वाळवतात."

तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे टॉवेल नको?"

"टॉवेलची गरजच नाही!" विक्रेत्याची जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नसतो. "थंडीत गरम हवा, उन्हाळ्यात गार. शिवाय दिवे लागतात!"

"मग आपल्याकडे बसव की!"

"नमुना आहे गं. परत द्यायचाय."

"अरे, पण माझ्या पेशंटांना हा किती उपयोगी पडेल! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना वाकता येत नाही. ओले पाय पुसताना रडकुंडीला येतात बिचारी."

हे ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं! पण आता खरं बोलायचं, तर टाकीपासून फरशीपर्यंत सगळंच बोलावं लागलं असतं. मी कूलर खोक्यात भरला आणि शोरूमला फोन करतो म्हणून गॅलरीत गेलो.

मशिन तयार झालं आणि काय सांगू! सैनिक हरणासारखा पळायला लागला. गवताचं पातं न पातं हलताना दिसायचं. पण चोराच्या मनात चांदणं! बायकोला संशय येऊ नये म्हणून मी तिच्यासमोर त्या डब्याला शिव्या घालायला सुरुवात केली. ती खोलीत आली, की मी खेळ बंद करून डब्यावर चापट मारायचो. "अडकलं परत! भंगारात द्यायच्या लायकीचं आहे हे!" ती म्हणायची, "किती रे त्रास तुला!" मीही मोठा सुस्कारा टाकायचो. अभिनय इतका उत्तम, की कधी कधी माझंच मन भरून यायचं.

माझा वाढदिवस आला. संध्याकाळी घरी आलो, तर बायको दारातच उभी.

"डोळे मिट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत!"

हाताला धरून तिनं मला खोलीत नेलं. डोळे उघडले, तर टेबलावर एक काचेची पेटी! आत लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते.

"नवा कॉम्प्युटर!" ती म्हणाली. "तुझा जीव जात होता ना त्या डब्यापायी? दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जास्त दिवे असलेला द्या."

"आणि... जुना?"

"माझ्या बाबांकडे पाठवला. पत्ते खेळायला त्यांना पुरे आहे."

"अगं पण मोठी खरेदी दोघांनी मिळून..."

"भेट खरेदीत धरत नाहीत. का रे? आवडला नाही?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. "खूप आवडला," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला आनंदाचं वाटलं असावं.

नव्या मशिनमध्ये दिवे सोडून काहीही नव्हतं. सैनिक पुन्हा एक पाय उचलून उभा राहायला लागला! फरक एवढाच, की आता तो रंगीत उजेडात मरायचा.

रविवारी दुपारी आमचा गट ऑनलाइन खेळतो. त्या रविवारी गटात 'मास्तर' नावाचा कुणी नवा गडी आला होता. सुरू झाल्या झाल्या त्यानं मला उडवलं. पुन्हा आलो, पुन्हा उडवलं! मी भिंतीआड लपलो, तर भिंतीमागून आला. आणि प्रत्येक वेळी माझ्या हेडफोनमध्ये कानाचे पडदे फाटतील अशी शिट्टी वाजायची. फुर्रर्र! मग आवाज यायचा, "बाद! चला, रांगेत उभे राहा!"

ती शिट्टी मी ओळखली. माझे सासरे निवृत्त पीटी मास्तर आहेत. निवृत्त ते झाले, शिट्टी झाली नाही. ती अजून गळ्यात असते.

थोड्या वेळानं त्यांचा फोनच आला. "जावईबापू, तुम्ही फार रेंगाळता हो! पाय उचला, पाय!"

"काय करू, बाबा? मशिन अडकतंय."

"मग चांगलंसं घ्यावं एखादं. आता हे आमचं बघा. दिसायला जुनाट, पण पळतं काय! मी तर पत्ते सोडलेच!"

दुसऱ्या दिवशी शोरूममधून मी थेट सासरी गेलो. खिशात स्क्रूड्रायव्हर, बगलेत फरशीचं रिकामं खोकं. बेत साधा होता. साफसफाईचं निमित्त करायचं, आतलं सामान खोक्यात भरायचं आणि पळायचं!

"बाबा, डब्यातली धूळ काढून देतो," मी म्हणालो.

सासरे डब्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. "मुळीच नाही! लेकीनं बजावून सांगितलंय. जावई स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, तर चहा द्या, पण डब्याजवळ जाऊ देऊ नका."

म्हणजे तिला कळलं होतं! चहा कसा होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आलो. हॉलमध्ये आमच्याच शोरूमचं बेसिनचं भलंमोठं खोकं रिकामं पडलं होतं, आणि त्याच्या शेजारी बायको एका चकचकीत ट्रेडमिलवर चालत होती.

"हे... हे काय?"

"शॉवर," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो.

"वाढदिवसाच्या आधी तुमच्या शोरूममध्ये गेले होते," ती चालता चालता बोलत होती. "म्हटलं, पेशंटांसाठी अंग वाळवणारे शॉवर सांगून ठेवावेत. तुझे मालक इतके हसले, की त्यांना ठसका लागला! मी तिथे वेड्यासारखी उभी. मग कॅशियरला बाजूला घेतलं, तर त्यानं सगळं पाठ म्हणून दाखवलं. कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, रॅम. माउस तेवढा जुना आहे म्हणाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं चारचौघांत हसं झालं, ते माझ्या जिभेमुळे. "चुकलो गं," मी म्हणालो. "सरळ विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

मग मी हळूच विचारलं, "पण हा शॉवर कसा?"

"यावर पळालं की अंग घामानं न्हाऊन निघतं." तिनं एक बटण दाबलं. दांड्याच्या मधोमध बसवलेला छोटासा पंखा फिरायला लागला. "आणि हा वाळवतो. टॉवेलची गरजच नाही!"

हल्ली रोज संध्याकाळी मी त्या ट्रेडमिलवर असतो. कॉम्प्युटर सासऱ्यांकडेच आहे. रविवारी तासभर तो मला द्यायला ते तयार आहेत, पण त्यांची अट आहे, आधी स्वतःचे पाय उचलायला शिकायचं, मग सैनिकाचे. त्यासाठी समोर फोनवर त्यांचा व्हिडिओ कॉल चालू ठेवावा लागतो. मी जरा रेंगाळलो, की त्यातून शिट्टी वाजते.