मामा फायलीतनं बाहेर येईना

चंदर ढमाल्यानं कॉम्प्युटरात नवी सिस्टीम टाकली, त्या दिवसापासनं पिंकीच्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड आतनं कडी लावून बसलं. लग्नाचं शूटिंग करायचं म्हटल्यावर असं होतंच. फाईल उघडायला गेलं की आतनं कुणीतरी विचारायचं, "कोण हाय?"

"मी चंदर, शूटिंगवाला. एडिटिंग अर्धं राहिलंय, उघडा."

"आम्हाला जुन्या सिस्टीमनं बोलवून आणलेलं. तिला तू पुसून टाकलीस. ही नवी बया साधं 'या, बसा' तरी म्हणाली का?"

चंदरला ते पटलं. पण पटून भागतंय होय? दुकानात स्टुलावर पिंकीची आई हिराबाई ठाण मांडून बसलेली. तिचा भाऊ शिरपती लग्नापासनं बोलत नव्हता. म्हणायचा, भर मांडवात मला मानाची टावेल-टोपी केलीच नाही. केली होती, पण त्याचा पुरावा नुसता शूटिंगमधे होता. आणि रविवारी पिंकीचं डोहाळजेवण.

"चंदर, मामाबिगर पोरगी घास तोंडात घालायची नाही," हिराबाई म्हणाली.

"काकू, बाहेर काढल्याबिगर मी पण उठत नाही."

शेजारचा दुरुस्तीवाला म्हणाला, फायलींची मालकी तुझ्या नावावर करून घे. चंदरनं घेतली. आतनं पिंकीची आजेसासू खवळली, "मालकी? आम्ही म्हशी हाय का रं?"

मग त्यानं रीतीनं घेतलं. कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर अक्षता टाकल्या, नारळ ठेवला, आणि एकेका फायलीला नावानिशी हाक मारली. करवल्या लगेच आल्या. मग वाजंत्री आले. पंगत आली ती ताटं घेऊनच. आजेसासूला दोनदा बोलवावं लागलं. राहिली एकच फाईल, टावेल-टोपीची. तिच्यात शिरपती.

"मी येत नसतो," तो आतनं म्हणाला. "मला मान नाही."

चंदरनं नवा टावेल दाखवला. ढिम्म. हिराबाईनं डोळ्याला पदर लावला. त्याचाही उपेग झाला नाही.

"थांबा," चंदर म्हणाला, आणि गाडीला किक मारून थेट खऱ्या शिरपतीच्या मळ्यात गेला. "मामा, तुम्ही आत रुसून बसलाय. आमचं ऐकत नाही."

शिरपतीनं मिशीवर हात फिरवला. "त्याला कोण बाहेर काढणार? माझ्यावर गेलाय." पण गाडीवर बसला. बहिणीकडं न बघता कॉम्प्युटरपुढं उभा राहिला.

"ए शिरप्या, चल बाहेर."

"तू कोण मला सांगणार?"

"आरं, लोकं खोळंबलीत!"

"खोळंबू दे. मला टोपी केली नाही."

"तोंड तर दाखव!"

आतली कडी निघाली. फटीतनं एक डोकं बाहेर आलं. शिरपती त्याच्याकडं बघतच राहिला, मग भडकला.

"लेका, लाज वाटती का? टोपी डोक्यावर हाय की तुझ्या! नवीकोरी! बहिणीनं बिचारीनं एवढ्या मानानं घातली आणि तू..."



"काय म्हणालास दादा?" हिराबाईनं विचारलं.

शिरपतीनं पंख्याकडं बघितलं. आतल्यानं हळूच टोपी चाचपली.

"मुंडावळ्यांच्या गडबडीत ध्यानात राहिलं नसंल," आतला म्हणाला.

"माझ्या पण," बाहेरचा म्हणाला.

फाईल उघडली. चंदरनं एडिटिंग पुरं केलं.

रविवारी डोहाळजेवणाला दोन्ही मामा आले. आतल्याला चंदरनं लॅपटॉपमधे घालून आणला, पाटावर ठेवला. हिराबाईनं दोन टोप्या आणल्या होत्या. ती एक टोपी घेऊन शिरपतीकडं वळली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"आधी त्याला घाल," तो कानात म्हणाला. "लई रुसका हाय."