एका सिनेमाएवढं इंग्रजी

वानखेडे काकांना इंग्रजी येतं, पण ते फक्त एका सिनेमाएवढं.

पहिल्या भेटीत मला हे माहीत नव्हतं. मी डार्मश्टाटला पीएच.डी. करते. आमच्या इमारतीच्या जिन्यात सत्तरीतले एक गृहस्थ समोर आले. अंगात जाड जॅकेट, डोक्यावर रुंद काठाची तपकिरी हॅट. मी "हॅलो" म्हणाले. त्यांनी हॅटच्या काठाला दोन बोटं लावली आणि गंभीरपणे विचारलं, "लाँग वे फ्रॉम होम, मॅम?"

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं, आणि आमची ओळख झाली.

काका वऱ्हाडातले. तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं. बायको गेल्यावर मुलीनं, सुजातानं, त्यांना इकडे आणलं. उमेदीच्या काळात त्यांच्या टॉकीजला एक जुना इंग्रजी सिनेमा लागला होता. घोड्यावर बसून गाणी म्हणणारा हिरो, छपराच्या गाड्यांतून बायकापोरांसह पश्चिमेकडे निघालेली माणसं, वाटेत जमिनी बळकावणारे गुंड. पुढच्या सिनेमाची पेटी कुठेतरी अडकली आणि आठवडाभरासाठी आलेला हिरो गावात तीन महिने मुक्काम ठोकून बसला. रोज तीन खेळ. काकांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण अख्खा सिनेमा पाठ झाला. गाण्यांसकट, घोड्यांच्या टापांसकट.

जर्मनीत ही शिदोरी त्यांनी सढळ हातानं वापरली. बेकरीत पाव हातात पडला की "मच ऑब्लाइज्ड, मॅम." पत्त्याची नोंद करायला ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कचेरीत गेले, तिथल्या बाईंनी काहीतरी विचारलं, तर काका म्हणाले, "जस्ट पासिंग थ्रू." शेजारी उभ्या जावयाला घाम फुटला.

"काका, असं कशाला बोलता?" मी एकदा विचारलं.

"मंग काय बोलू? मले जर्मन येत नाही. आपल्याजवळ आहे ते वापरतो."

वैतागली होती ती फक्त नात, नऊ वर्षांची अन्वी. तिला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. एकदा शाळेच्या दारात काकांनी तिच्या शिक्षिकेला "रीच फॉर द स्काय!" म्हटलं आणि त्या बिचारीनं खरोखर हात वर केले. वर्ग आठवडाभर हसत होता. "ओपा, बिटे निश्ट," अन्वी रडवेली होऊन म्हणाली. आजोबा, नको ना. काकांनी शाळेत जाणं बंद केलं. हॅट कपाटावर गेली. ते दिवसभर खिडकीत बसायला लागले.

अशात मला ट्रामच्या थांब्यावर एक जाहिरात दिसली. गावातल्या हौशी मंडळाच्या छोट्या थिएटरात रविवारी दुपारी जुना सिनेमा, जुन्या रिळांवर. चित्रात घोडा, गिटार, छपराच्या गाड्या. मी फोटो काढून काकांना दाखवला.

"हाच!" त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "याच पोस्टराखालून रोज वर मशीनच्या खोलीत चढत होतो मी."

रविवारी सुजाताची ड्यूटी होती, म्हणून अन्वीलाही यावं लागलं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. अर्धा तास छान गेला. हिरोनं गिटार उचलली, तोंड उघडलं, आणि आवाज बंद. चित्र मात्र चालूच.

"एक्सायटर लॅम्प गेला," काका अंधारात म्हणाले. "आवाजाचा दिवा."

तेच निघालं. मशीन चालवणारे पांढऱ्या मिशांचे हेर फोग्ट, म्हणजे फोग्टसाहेब, खाली आले. "आल्झो," तर आता असं: दुसरा दिवा नाही, रविवारी दुकानं बंद, खेळ थांबवावा लागेल. लोक कोट उचलायला लागले.

काका उभे राहिले. "पोरी, त्याले सांग, चित्र चालू ठेव. आवाज मी देतो."

अन्वी खुर्चीत खाली खाली सरकली. मी सांगितलं. हेर फोग्टनी काकांना आपादमस्तक न्याहाळलं. "वारूम निश्ट?" का नाही?

आणि काकांनी गाणं उचललं. हिरो तेच, गुंड तेच, नायिका बारीक आवाजात तीही तेच. गोळ्या जिभेनं, टापा छातीवर. आधी लोक हसले. पाच मिनिटांनी कुणी काकांकडे पाहत नव्हतं, सगळे पडद्याकडे पाहत होते. पाठलाग सुरू झाला. घोडे आठ आणि काकांचे हात दोन. तेवढ्यात शेजारून टपटप टपटप ऐकू आलं. अन्वी! खुर्चीच्या हातावर, मान खाली घालून, पण तालात. मग पुढची रांग, मग अख्खं थिएटर.

शेवटी गुंडांनी झऱ्याला तारेचं कुंपण घातलं. हिरो एकटा पुढे झाला. काकांचा आवाज एकदम खाली आला. "धिस वॉटर बिलाँग्ज टू एव्हरीबडी, मिस्टर."

या वाक्याचा अर्थ काकांनी तेव्हा गावातल्या मास्तरांना विचारला होता आणि गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत जाऊन सांगितला होता. तिथल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती सिनेमाला. हे वाक्य आलं की लोक उभे राहायचे, पुढचं काही ऐकू यायचं नाही. डार्मश्टाटमध्येही लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

बाहेर गर्दीनं काकांना घेरलं. अन्वी त्यांचा हात धरून ज्याला त्याला सांगत होती, "दास इस्ट माइन ओपा!" हे माझे आजोबा! हेर फोग्ट म्हणाले, दर रविवारी या, वर माझ्याबरोबर मशीन चालवा.

मी मराठीत सांगितलं. काकांनी मान हलवली. "वर नको. मले खाली खुर्ची द्या म्हणा."

घरी चालत येताना मी न राहवून विचारलं, "काका, मशीनला नाही का म्हणालात?"

अन्वी पुढे उड्या मारत चालली होती.

"सुजाताची माय, शांता, दुपारचा डबा घेऊन यायची," ते म्हणाले. "डबा देऊन खाली बायकांच्या बाकावर बसायची. मी वरच्या भोकातून तिचा अंबाडा पाहत राहायचो. तीन महिने पडद्याकडे लक्षच नव्हतं, पोरी. म्हणून तर नुसते आवाज पाठ झाले. तिच्या शेजारी बसून पाहायचं राहूनच गेलं. आज खाली बसलो, तेव्हा समजलं, ती काय पाहत होती."

मग ते हसले.

"चांगला आहे बाप्पा, सिनेमा."