नदीचं माप

आमच्या नाथाकाकांनी नदीचं माप घेतलंय. कमरेचं, छातीचं आणि पुरात सुटलेल्या पोटाचंसुद्धा.

काका शिंपी. खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं बाजारगाव. रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला एकट्या काकांचं दुकान. बाकी सगळा बाजार अलीकडे, माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानासकट. काकांच्या गळ्यातली टेप आंघोळीलाही उतरत नसावी. समोर कोणी आलं की ते आधी त्याचे खांदे बघतात, मग तोंड. एकदा अंगावर आलेल्या कुत्र्याला त्यांनी टेप दाखवली, तर ते पुढचे पाय वर करून निमूट उभं राहिलं. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे, पाहणाऱ्याला पाहिलंय.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर काकांचं निदान एकच. बबन हॉटेलवाला बायकोशी भांडला? "तंग झालंय." मोखाड्याची एसटी घाटात धापा टाकायला लागली? "तंग झालंय. दोन बोटं सैल सोडा."

गेल्या पावसाळ्यात नदी बाजारात शिरली. बबनची भज्यांची कढई वाहून गेली ती शिरपामाळ बघूनच परतली, असं तो शपथेवर सांगतो. शिरपामाळ डोंगरावर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

मग पूर अडवायचं ठरलं. पाटबंधारे खात्याचे साहेब नकाशा घेऊन आले आणि मारुतीच्या देवळासमोर ग्रामसभेत त्यांनी तीन पर्याय मांडले. आमच्या काठाला लागून काँक्रीटची भिंत. तिथेच, पण जाळीत दगड भरून रचलेली भिंत. नाहीतर काठ सोडून मागे, थेट रस्त्यालगत मातीचा रुंद बांध.

"भिंतच!" बबन ओरडला. "मागं कशाला सरकायचं? नदीला अंगण द्यायचंय काय?"

काका उठले. "साहेब, तंग होईल."

"ओ काका, नदीचा ब्लाऊज नाय शिवायचाय!" बबन म्हणाला.

सभा खिदळली. सरपंचबाईसुद्धा पदराआड हसल्या.

काका तडक दुकानात गेले आणि परात, किटली, बटणांचा डबा घेऊन आले. परातीत माती थापून त्यांनी नदी कोरली. दोन्ही काठांवर बटणं मांडली. अलीकडे आमचा बाजार, पलीकडे ठाकरांचा पाडा. आमच्या काठावर खडूच्या वड्यांची भिंत उभी केली आणि किटली ओतली.

बाजार कोरडा राहिला. पलीकडची बटणं मात्र वाहत निघाली ती थेट साहेबांच्या बुटात.

मग मच्छरदाणीच्या तुकड्यात खडे बांधून दुसरी भिंत. पुन्हा तेच.

"पाडा गेला," काका म्हणाले. "साहेब, तुमच्या नकाशात पाडा का नाही?"

"तो दुसऱ्या ग्रामपंचायतीत येतो."

"नदीला कळवलंय का तसं?"

तिसऱ्यांदा त्यांनी मातीचा बांध मागे घातला. पाणी ऐसपैस पसरलं, सुस्तावलं. दोन्हीकडची बटणं जागच्या जागी. फक्त बांध आणि नदीच्या मध्ये कोटाचं एक मोठं काळं बटण होतं, ते बुडालं.

"हे कोणाचं, काका?" सरपंचबाईंनी विचारलं.

"माझं दुकान."

 साहेबांनी पाड्यासकट नवा नकाशा करायचं कबूल केलं, आणि हात वर झाले ते मागच्या बांधासाठी. पहिला बबनचा.

सभा पांगली. काका गुडघे टेकून चिखलातली बटणं वेचत होते.

"काका, पाड्यात तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही." त्यांनी एक बटण धोतराला पुसलं. "तुझी काकू गेली त्या वर्षी नवा भात निघाला, तेव्हा पाड्यातली सोनीबाई नदी ओलांडून बोलवायला आली. 'नवं एकट्यानं नाय खात, शिंपीदादा.' तेव्हापासून नवं खायच्या दिवशी माझं पान तिथे मांडतात."

नव्या तांदळाचा भात माझ्याही घरी दरवर्षी शिजतो. काकांच्या दुकानापर्यंत त्याचा वास जातो. मधला रस्ता सात पावलांचा आहे.

मी खाली बसलो आणि बटणं वेचू लागलो.