काटेरावांचे रिकामे पद

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक सिंह राज्य करीत असे. काटेराव नावाचा साळिंदर त्याचा विदूषक होता.

त्या दरबाराची एक जुनी चाल होती. सकाळी सभा भरली, की विदूषकाने एक खरे वाक्य बोलावे आणि राजाने हसावे. त्या वाक्याबद्दल शिक्षा नसे. इतर प्रजेला खरे बोलण्याची परवानगी नव्हती.

एके वर्षी सिंहाने ओढा अडवून स्वतःसाठी स्नानकुंड बांधले. खालच्या अंगाला हरणांचे पाणी तुटले.

म्हातारी हरिणी काटेरावाकडे आली. "उद्या एवढे बोल, बाबा. तुझ्यावाचून कोण बोलणार?"

"बोलतो, आजी. राजा भिजतो आणि प्रजा वाळते, एवढेच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी काटेराव तोंड उघडणार, तोच बकशास्त्री नावाचे बगळे पुढे झाले. साहेबाच्या डाकबंगल्यामागील डबक्यात एका पायावर उभे राहून हे गृहस्थ इंग्रजी शिकले होते.

"महाराज, विदूषक हे नाव फार घरगुती वाटते. साहेबाच्या जुन्या भाषेत या पदासाठी भारदस्त शब्द असणार. तो सापडेपर्यंत पद रिकामे समजावे."

"समजले," राजा म्हणाला.

काटेराव आपले वाक्य न बोलताच जागेवर परतला.

आठ दिवसांनी पहिला शब्द आला, क्लाउन. "मुळाशी मातीचे ढेकूळ असावे, असे पंडित म्हणतात. पुढे अर्थ झाला अडाणी खेडूत." राजाने नाक मुरडले. मग बफून आला. त्याचे मूळ गाल फुगवण्यात निघाले. त्यानंतर झेनी. "हा धन्याची नक्कल करणारा नोकर, महाराज."

"यात भारदस्त कोणता?"

"शोध चालू आहे."

तोवर ओढ्यात चिखल उरला. हरिणी रोज दरबाराच्या दाराशी येऊन नुसती उभी राही.

अखेरच्या अहवालाच्या दिवशी बकशास्त्री चिखलाच्या पायांनी आले. गाल फुगवून वाचू लागले. मधूनमधून, आयाळ नसताना, राजासारखी मान झटकू लागले.

काटेरावाला राहवले नाही. "शास्त्रीबुवा, आता शोध पुरे. तिन्ही शब्द सभेत हजर आहेत."

दरबार हसला. राजाही हसला. हसू ओसरल्यावर मात्र त्याला आठवले, की पद रिकामे आहे. म्हणजे हे वाक्य विदूषकाचे नव्हते, प्रजाजनाचे होते. काटेरावाला त्याच दिवशी हद्दपार केले. पद बकशास्त्र्यांना मिळाले, तिन्ही नावांसह.

दुसऱ्या सकाळी हरिणी पुढे सरकून उभी राहिली. बकशास्त्र्यांनी आपल्या हक्काचे एक खरे वाक्य उच्चारले.

"महाराज, स्नानकुंड अंमळ लहान पडते."

राजा मनापासून हसला. दुपारी कुंड रुंद करण्याचे काम सुरू झाले. हरिणी आपला कळप घेऊन, काटेराव गेला त्याच वाटेने निघून गेली.

तात्पर्य : खरे बोलण्यापूर्वी आपल्या पदाचे परदेशी नाव पक्के करून घ्यावे. ते पक्के होईपर्यंत ऐकणारे निघून जातात, आणि विद्वत्तेला कसलाही धोका उरत नाही.