टॉमआण्णाचं उजवं घड्याळ

टॉमआण्णाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. तासगावच्या बाजारात बैल विकायला निघाला तरी दोन. डावं आपल्याकडच्या वेळेचं, उजवं कॅलिफोर्नियाच्या. आणि काटे बघावेत तर दोहोंत फरक अवघा दीड तासाचा!

"दीड तासासाठी दुसरं घड्याळ? लय झालं की रं!" पारावरची मंडळी म्हणायची.

"दीड न्हाई, वर बारा हाईत. हितं सकाळ असती तवा तिकडं आदल्या दिवसाची सांज," तो न चिडता सांगायचा. मग तर मंडळी मांड्यांवर थापा मारून हसायची.

त्याचा बाप बोटीवर कोळसा टाकायला गेला, तो तिकडच्याच फळबागेत कामाला राहिला. तिकडचीच बाई केली. पोरं दोन, हा तुकाराम आणि धाकटी रोझी. तुकारामाचा तिकडं टॉम झाला. चौदाव्या वर्षी बापानं त्याला रान बघायला इकडं आणलं आणि वर्षात स्वतः डोळे मिटले. रोझी आईपाशीच राहिली, पुढं आईही गेली. परत जायचे कागद काही याला मिळाले नाहीत. गावानं टॉमला आण्णा जोडून टाकला.

"मास्तर, तिकडं पोरं 'हिंदू' म्हणून चिडवायची, हितं 'सायेब' म्हणून. निस्ता माणूस म्हणून मला फकस्त म्हस वळखती," तो मला म्हणायचा. आणि धार काढून झाली की हा म्हशीला न चुकता थँक्यू म्हणायचा.

मी गावचा मास्तर. पोस्टही माझ्याच गळ्यात. त्यामुळं रोझीच्या पत्रासाठी आण्णाच्या आमच्याकडं खेपा असत. माझ्या बायकोला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. एका वर्षी आण्णानं ते पाहिलं.

"वयनी, भाऊ लांब असला तरी चालतं का हे?"

"न चालायला काय झालं?"

झालं! दुसऱ्या दिवशी रोझीला पत्र गेलं. तेव्हापासून ती तिकडं मेणबत्ती घेऊन चंद्राला ओवाळायची आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाआठच्या ठोक्याला, हा इकडं अंगणात पाट मांडून, स्वतःच कुंकू लावून, उन्हात बसायचा.

"आण्णा, भाऊबीज काल झाली!"

"तिकडं आत्ता हाय."

मीही त्याला येडपट म्हटलंय. आज सांगायला लाज वाटते.

लढाई लागली आणि पत्रं सहा-सहा महिन्यांनी यायला लागली. मग बंदच झाली. आण्णा यायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा आणि स्वतःच म्हणायचा, "बोटी बुडत्यात. त्येला रोझी तरी काय करंल?"

ऐन दिवाळीत पत्र आलं. अक्षर परकं होतं. आण्णाचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, तरी म्हणाला, "तुमी वाचा." रोझीच्या शेजारणीनं लिहिलं होतं. रोझी तापानं गेली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

आण्णानं पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "म्हंजी गेल्या साली मी नुसताच बसलो व्हतो."

भाऊबीजेच्या संध्याकाळी तो दारात आला. हॅट हातात.

"मास्तर, भाऊ नसला तर बाई चांदोबाला ओवाळती. बहीण नसली तर गड्यानं कुणापुढं बसायचं? काय लिवलंय का शास्त्रात?"

गावाला उठताबसता शहाणपण शिकवणारा मी. मी बायकोकडं बघितलं. बायको तबक घेऊन अंगणात निघाली होती, ती तशीच मागं फिरली. "बसा आण्णा," म्हणाली आणि पाट मांडला.

तिनं ओवाळलं. आण्णानं खिसा चाचपला, जरा थांबला आणि उजव्या मनगटावरचं घड्याळ सोडून तबकात ठेवलं.

"अहो, हे कशाला!"

"ऱ्हाऊ द्या वयनी. तिकडची वेळ आता बघवत न्हाई. आन बंद पाडायचा तर धीर हुईना." मग "थँक्यू" म्हणाला आणि पाटावरच हमसून हमसून रडला.

ते घड्याळ आमच्या फडताळात आहे. एकदा मी ते बरोबर लावायला घेतलं, तर बायकोनं माझ्या हातातून काढून घेतलं. रोज सकाळी चहाआधी ती त्याला किल्ली देते. अजून ते दीड तास मागंच चालतं.