धर्माचा ऐन

सावळारामाचे वागणे साऱ्या किन्हवली भागाला पसंत होते, हीच अंबूबाईची तक्रार होती. माणूस देशासाठी मेला की त्याच्या नावाने झाड लावावे, म्हणजे तो पुन्हा काही मागायला येत नाही, हे तिच्या या चुलत दिराला कोणी न सांगता कळले होते.

अंबूबाईचा घरधनी धर्मा तीस सालच्या जंगल सत्याग्रहात गेला. त्याचे मागणे मोठे नव्हते. भाताचे रोप टाकायचे तर आधी फांद्या जाळून जमीन भाजावी लागते. त्याला राब म्हणतात. राबाला ऐनाच्या झाडाच्या फांद्या लागतात, आणि ऐन सरकारचा होता. धर्माने दिवसाढवळ्या एक फांदी तोडली. साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या. मग शिपाई आले आणि म्होरक्या कोण म्हणून विचारू लागले, तेव्हा सावळारामाने बोट दाखवले (बोटच, तोंडाने तो कुणाचे वाईट बोलत नाही). मार खाऊन धर्मा तुरुंगात तापाने गेला. फांदी पुढच्या पावसात पुन्हा फुटली.

सदतीस साली आपले मंत्री आले आणि स्मारक समिती निघाली. अध्यक्ष सावळाराम, कारण घटनेची खडान्खडा माहिती त्यालाच होती. हुतात्म्याचे झाड हुतात्म्याच्याच जमिनीत शोभते, इतरांच्या जमिनीची तेवढी योग्यता नाही, असे ठरून अंबूबाईच्या रोपाच्या तुकड्याला लागून बांधावर ऐन लावला. लावलेली झाडे: एक. कुंपणासाठी तोडलेले कोवळे ऐन: एकवीस (जंगल खात्याच्या साहेबांच्या परवानगीने). भाषणे: नऊ. पाणी घालायला: अंबूबाई.

पाटी जंगल खात्याने टाकून दिलेली मिळाली. 'सरकारी झाडास हात लावणारास दंड होईल' यातला 'सरकारी' खरवडून तिथे 'स्मारक' लिहिले. बाकी मजकुराला कोणाची हरकत नव्हती. दर पावसाळ्यात झाडाखाली टाळ्या होतात. (वाचकांनीही वाजवाव्यात. धर्मा काही म्हणणार नाही.)

स्वराज्य आले. जंगलाच्या राखणदाराने टोपी बदलली, जंगलाचे नियम तेच राहिले. बांधावरच्या ऐनाची सावली पडून अंबूबाईचे रोप पिवळे पडू लागले होते. यंदा तर राबालाही फांदी नव्हती. अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात तिने झाडाखाली पान लावत बसलेल्या सावळारामाला गाठले.

"भावजी, दोन फांद्या घेत्ये राबाला."

"वहिनी, झाड नाय हे. भाऊ हाय माझा!"

"भाऊ असता तं सोता चढून तोडून दिल्या असत्या."

"समितीला इचारावं लागंल."

समितीने साऱ्या गावासमोर त्याच झाडाजवळ बसून एक दुपारभर विचार केला. फांदी तोडल्यास हुतात्म्याचा अपमान होतो. हुतात्मा त्यागी होता. सबब त्याच्या बायकोने यंदा भात लावू नये, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

टाळ्या थांबायच्या आत अंबूबाई कुंपण मोडून आत शिरली. हातात धर्माचाच कोयता होता. खालची फांदी दोन घावांत भुईवर आली. समितीच्या मानाखातर उभा असलेला राखणदार सवयीने पुढे झाला आणि सवयीनेच त्याने विचारले, "कोनी तोडली?"

तोडणारी समोर होती, कोयता तिच्या हातात होता. तरी सारा गाव सावळारामाकडे बघू लागला. सावळारामाचा हात अर्धा वर आला आणि तिथेच थांबला.

अंबूबाईने फांदी काखोटीला मारली.

"उचला भावजी, पुरता उचला. त्या दिशी बोट तुमचं एकट्याचं व्हतं. बाकीच्यांचे टाळ्या वाजवनारे हात पाठीमागं गेले व्हते. बघा जरा वळून, आज बी तितंच हायेत."